लाल फुंकणीचा कबुलीजबाब

१

गुन्हा घडला होता, गुन्हेगार सापडला होता आणि त्यानं हात जोडून गुन्हा कबूलही केला होता. सरकारी नोकरीत इतकं सुख कुणाच्या वाट्याला येतं? तरी सुनावणीबाईंच्या घशाखाली चहा उतरेना.

परवाना कार्यालयात जिन्याला लागून असलेल्या खोलीत बाई बसत. दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांचा परवाना ठेवायचा की काढून घ्यायचा, हे ठरवणं हे त्यांचं काम. याच खुर्चीत त्यांचे केस पांढरे झाले होते. समोर रडणारे येत, आरडाओरडा करणारे येत. ‘मॅडम, ते खोकल्याचं औषध होतं’ म्हणणारे तर इतके येत, की साऱ्या गावाला खोकला झालाय असं वाटावं. पण खुर्चीवर टेकायच्या आधीच ‘हो, प्यायलो, लिहून घ्या’ म्हणणारा माणूस त्यांना आज पहिल्यांदा भेटला होता.

सगळे त्याला पॉलिशवाले काका म्हणत. लाकडी सामानाला पॉलिश करणं हा धंदा. नखांच्या कडा कायमच्या तपकिरी झालेल्या, शर्ट मात्र इस्त्रीचा.

काकांचं प्रकरण सरळ होतं. त्यांनी पिऊन गाडी खांबावर घातली होती. पहिली शिक्षा, सहा महिने परवाना जप्त. ती भोगून झाल्यावर एक वर्ष अटींचा परवाना. अटी दोन. गाडीत एक यंत्र बसवायचं. चालकानं त्यात फुंकायचं, दिवा हिरवा झाला तरच इंजिन सुरू होतं. कार्यालयात सगळे त्याला फुंकणी म्हणत. दुसरी अट, दर फेरीला शेजारी एक सोबती हवा. तो रक्ताच्या नात्यातला, शुद्धीवरचा आणि स्वतःचा परवाना असलेला. या वर्षात फुंकणी एकदा जरी लाल झाली, तर वर्ष पुन्हा पहिल्यापासून.

मुदत संपायला आठवडा उरला असताना फुंकणी लाल झाली होती.

“कुठं प्यायलात?” बाईंनी विचारलं.

“घरी. एकटाच.”

“काय?”

“रम.”

“आणली कुठून?”

“कोपऱ्यावरच्या दुकानातून. आमच्या कारखान्याकडे वळताना लागतं ना, ते. आदल्या संध्याकाळी घेतली.”

“आणि बाटली?”

“फेकली.”

बाईंनी फुंकणीचा आकडा पुन्हा पाहिला. एवढी दारू पोटात असती, तर माणूस गाडीपर्यंत सोडा, उंबऱ्यापर्यंतही पोचला नसता. हा माणूस तर सकाळी एकही ओरखडा न पाडता दाढी करून गाडीत येऊन बसला होता.

“वर्ष पुन्हा पहिल्यापासून सुरू होईल, कळतंय ना तुम्हाला?”

“कळतंय.” काकांनी मान खाली घातली. पण त्याआधी त्यांचे खांदे सैल झाले. दवाखान्यात ‘काळजीचं कारण नाही’ हे ऐकल्यावर होतात तसे. बाईंनी ते पाहिलं आणि तिथंच त्यांचा चहा अडकला.

तेवढ्यात दाराशी उभी असलेली मुलगी पुढं आली. तीच काकांची सोबती, त्यांची एकुलती एक लेक.

“वर्षबिर्ष काही नाही,” ती म्हणाली. “माझं नाव काढा मॅडम. मी यांच्या शेजारी पुन्हा बसणार नाही.”

“नात्यातलं दुसरं कुणी आहे?”

“नाही.”

“मग सोबती नाही म्हणून परवाना कायमचा रद्द करावा लागेल.”

“करा.”

बाईंनी काकांकडे पाहिलं. इतका वेळ शांतपणे गुन्हा कबूल करणाऱ्या त्या माणसाच्या चेहऱ्यावरचा रंग पार उडाला होता. तो परवान्याच्या कागदाकडे बघतही नव्हता. तो लेकीकडे बघत होता.

बाईंनी निकाल सोमवारवर ढकलला.

२

“गुन्हेगार कबूल आहे म्हणतोय, सोबती काढा म्हणतेय,” कारकून कुरकुरला. “आपण कशाला मध्ये तडमडायचं? लग्न जुळत नसलं तर भटजी काय करणार?”

“भटजीनं निदान पत्रिका तरी बघावी,” म्हणत बाईंनी पिशवी उचलली.

लेक बसस्थानकावर घोषणा करण्याचं काम करायची. कोणती गाडी कोणत्या फलाटावर लागली, कोणती सुटतेय, कोणती उशिरानं येतेय, ते दिवसभर सांगत बसायचं. काचेची लहानशी केबिन, समोर मायक्रोफोन, एक बटण. बाई रोज इथूनच बस पकडत. या आवाजाची त्यांना इतकी सवय होती, की आवाजाला चेहरा असेल हे कधी सुचलंच नव्हतं.

“बसा,” लेक म्हणाली. “पण मध्येमध्ये थांबावं लागेल.”

“त्या सकाळचं सांग.”

“नेहमीसारखीच होती. मी वसतिगृहातून आले, गाडीत बसले. बाबांनी रुमालानं तोंड पुसलं, फुंकलं. लाल.” तिनं बटण दाबलं. “फलाट दोनवरची गाडी सुटण्यास तयार आहे. प्रवाशांनी आपापल्या जागी बसावं.” बटण सुटलं आणि आवाजातला मध गेला. “मी म्हटलं, यंत्र बिघडलं असेल, पंधरा मिनिटांनी पुन्हा फुंका. नियमात तसं चालतं ना?”

“चालतं.”

“मी अक्षरशः हात जोडले. ते म्हणाले, ‘नको. मी प्यायलोय.’ किल्ली काढली आणि घरात निघून गेले.”

“वास आला होता?”

“आला होता काहीतरी. पण दारूचा वास मी झोपेतही ओळखते हो. हा तसा नव्हता. मला एकदम...” तिनं खांदे उडवले. “जाऊ दे. उगाच लहान झाल्यासारखं वाटलं, एवढंच.”

तिचं डावं मनगट टेबलावर किंचित वाकडं पडलं होतं. बाईंची नजर तिथं गेलेली तिनं पाहिली.

“ही नोकरी लागली त्या दिवसाचं आहे हे. आई आधीच गेलेली. बाबा दुपारपासून पीत होते, आनंदानं. मग मला घ्यायला आले. दुःखानं प्यायले असते तर मी कधीच माफ केलं असतं. पण मला नोकरी लागली म्हणून माझाच हात मोडायचा?” पुन्हा बटण. “पुढील गाडी अर्धा तास उशिरानं धावत आहे. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.” बटण सुटलं. “दिवसातून पन्नासदा लोकांची माफी मागते मी. माझी कुणी मागितली नाही.”

“तरी सोबती झालीस.”

“नाहीतर धंदा बसला असता त्यांचा. आधीच सांगितलं होतं, एक वर्ष, तेही न बोलता. पहिले कित्येक दिवस खरंच अक्षर नाही. मग ‘काच वर घेऊ का?’ मग ‘आज भाजी काय?’ आता पार सिग्नलवरच्या लोकांना नावं ठेवण्यापर्यंत मजल गेली होती.” ती हसली आणि लगेच हसल्याचा तिला राग आला. “बाबांचं सगळं बरं चाललं होतं हो! त्या दारूच्या दुकानाचा कोपरा आला की झापडं लावलेल्या घोड्यासारखे समोर बघायचे. रोज. दुकान माझ्या बाजूला, म्हणून माझ्या बाजूलाही बघायचे नाहीत. आणि मी दुकानाकडे पाठ करून त्यांच्याकडेच बघत असायचे. तेवढा रस्ता संपला की श्वास सोडायचे. मला वाटायचं, सुटले.”

“रोज भेट व्हायची ती गाडीतच?”

“हो. म्हणजे, दुपारी ते इथं येऊन बसतात, त्या शेवटच्या बाकावर. कुठल्याच गाडीत चढत नाहीत. घोषणा ऐकतात आणि जातात. त्यांना वाटतं मला माहीत नाही.”

बाईंनी वळून तिकडे पाहिलं. बाक रिकामा होता.

“माझी बदली झालीय,” लेक म्हणाली. “दुसऱ्या गावी, मोठ्या स्थानकावर. मीच मागितली होती. वर्ष संपलं की जाणार होते.”

“बाबांना सांगितलं होतंस?”

“फुंकणी लाल झाली त्याच्या आदल्या दिवशी.”

“काय म्हणाले?”

“‘बरं’ म्हणाले. ‘बरं’च्या पुढं आमचं गाडं जात नाही.” बटणावर बोट ठेवून ती क्षणभर घुटमळली. “खरं सांगू? मला वाटलं होतं, थांब म्हणतील. मी थांबले नसते. पण म्हणायला काय जात होतं?”

३

दुसऱ्या दिवशी बाई काकांच्या कारखान्याकडे निघाल्या आणि मुद्दाम कोपऱ्यावर उतरल्या. दारूवाल्याला विचारायचं होतं, त्या संध्याकाळी काका आले होते का म्हणून.

उतरल्या आणि बघतच राहिल्या. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. कोपरा हाच. दुकानही होतं. फक्त त्याच्या काचेतून पन्नास-साठ चष्मे त्यांच्याकडे डोळे वटारून बघत होते.

“दारूचं दुकान कुठं गेलं हो?” बाईंनी आत जाऊन विचारलं. या वयाच्या बाईनं भरदुपारी हे विचारावं म्हणून चष्मेवाला जरा चपापला.

“ते उठलं की केव्हाच. आम्ही इथं येऊनच आता वर्ष होईल. सुरुवातीला रोज दोघे-चौघे चुकून आत यायचे बिचारे. एकदोघांनी चष्मे करून घेतले.”

बाई बाहेर आल्या. म्हणजे वर्षभर जे दुकान अस्तित्वातच नव्हतं, त्यातून काकांनी परवा रम विकत घेतली होती. रोज दोनदा त्याच्यासमोरून जाऊनही त्यांना पत्ता नव्हता. मान वळवून एकदा पाहिलं असतं तरी कळलं असतं. पाहिलंच नव्हतं. दारूपासून इतका निगुतीनं दूर राहिलेला माणूस बाईंनी साऱ्या नोकरीत पाहिला नव्हता. आणि तोच माणूस ‘मी प्यायलो’ म्हणत होता.

मग फुंकणी लाल केली कुणी?

कारखान्यात काकांचा भागीदार एकटाच होता. हा सुतार. टेबलं-खुर्च्या हा बनवायचा, पॉलिश काकांचं. पूर्वी दोघं बसायचेही एकत्र.

“मी अजून बसतो,” सुतारानं न विचारताच सांगितलं. “लपवाछपवी नाही. पण मी गाडी चालवत नाही.”

“चांगली गोष्ट आहे.”

“चांगली कसली, येतच नाही मला.” तो रंधा बाजूला ठेवून पुढं झाला. “मॅडम, तो प्याला नाही. लिहून देतो. वर्षभर माझ्यासमोर त्यानं ताकसुद्धा वास घेऊन प्यायलं. ते स्पिरिटचं कपाट बघा. पॉलिशला स्पिरिट लागतं. पण फुंकणीवाल्यांनी सांगितलेलं, नुसती वाफ तोंडाशी गेली तरी दिवा लाल होतो. त्या दिवशी यानं कपाटाला कुलूप घातलं आणि किल्ली माझ्या गळ्यात बांधली. तेव्हापासून मेण घासतोय. दुप्पट मेहनत, निम्मी चकाकी. शिव्या मात्र अस्सल.”

“किल्ली अजून तुमच्याच गळ्यात?”

सुताराचा हात गळ्याकडे गेला आणि तिथंच राहिला.

“आहे की.”

“मधे कधी दिली होती?”

“एकदाच.” सुतार भुशाकडे बघत म्हणाला. “लाल झाली ना, त्याच्या आदल्या दिवशी. म्हणाला, एका जुन्या खुर्चीचा हात उजळायचाय. मी म्हटलं, आता आठवड्यावर आलंय, धीर धर. ऐकेना. चेहरा असा, की कुणी गेलंय की काय घरी.”

बाईंनी कारखानाभर नजर फिरवली. सगळं सामान मेणानं मंद झालेलं. चकाकणारा हात एकाही खुर्चीला नव्हता.

सुतारानं कपाट उघडून दाखवलं. स्पिरिटचा आणि लाखेचा गोडसर, डोक्यात जाणारा वास खोलीभर झाला.

“हा वास म्हणजे आमचा हा,” सुतार म्हणाला. “पूर्वी घरी जायचा तर आधी वास पोचायचा आणि मग माणूस. पोरगी एवढीशी होती, वासावर धावत यायची जिन्यापर्यंत.”

बाईंनी कपाटाची कड धरली. ‘उगाच लहान झाल्यासारखं वाटलं.’

फुंकणीनं जे हुंगलं ते दारूच्या बाटलीतलं नव्हतंच. ते या कपाटातलं होतं. रुमालाला चार थेंब लागले, रुमाल ओठांवरून फिरला, की झालं काम.

प्रश्न एवढाच उरला की रुमाल कुणी भिजवला.

४

काकांनीच, असं म्हणावं तर त्यात काकांचा फायदा काय? कुऱ्हाड आपल्याच पायावर कोण मारून घेतं?

परतीच्या बसमध्ये बाईंना खिडकी मिळाली. त्यांनी उत्तराची जुळवाजुळव केली आणि जुळलेलं उत्तर त्यांना आवडलं नाही. सोबत्यानं सही केली की तो मुदतीला बांधला जातो. निघायचं तर सबळ कारण लागतं. लेकीला जायचं होतं. पण वर्ष संपवून, सुधारलेल्या बापाला एकटं टाकून जाणारी लेक वाईट दिसते. बाप पुन्हा प्याला, तर तीच लेक ताठ मानेनं जाते. लहानपणापासून तिला स्पिरिटची जागा ठाऊक, आणि त्या दिवशी कपाटाची किल्ली बापाकडेच होती. बाप रुमाल गाडीत ठेवत असेल. आणि बापाला कळलं असेल, म्हणून तर त्यानं सगळं अंगावर घेतलं. लेकीसाठी बाप काय काय अंगावर घेत नाही?

सगळं चपखल बसत होतं. फक्त एक गोष्ट कुसळासारखी टोचत होती. ती मुलगी हात जोडून म्हणाली होती, पुन्हा फुंका.

तोंडापुरती वाफ पंधरा मिनिटांत उडून जाते. दुसरी फुंक हिरवी येते आणि प्रकरण तिथंच मिटतं. जिला बाप अडकायला हवा, ती दुसरी फुंक मागेलच कशी?

नाही म्हणाले ते काका.

बाईंना त्यांचे जुने सगळे आरोपी आठवले. निर्दोष माणूस पुन्हा फुंकतो, यंत्राला शिव्या देत फुंकतो. दोषी माणूस तर फुंकतच सुटतो. पाणी पितो, चुळा भरतो, देवाचं नाव घेतो, पण फुंकतो. दिवा हिरवा व्हावा असं दोघांनाही वाटत असतं. न फुंकणारा माणूस एकच. ज्याला दिवा लालच राहायला हवा असतो.

पण कशासाठी?

बस अचानक डावीकडे वळली. “रस्ता खोदलाय, लांबून जावं लागेल,” कंडक्टर ओरडला आणि बसमध्ये एकच कलकलाट झाला. बाई मात्र एकदम हसल्या. शेजारची बाई संशयानं सरकून बसली.

बाईंना स्वतःला गाडी चालवता येत नव्हती. जन्मभर दुसऱ्यांच्या परवान्यांचे निकाल दिले, स्वतःचा कधी काढलाच नाही. गरजच पडली नाही. संध्याकाळी कार्यालयाच्या फाटकाशी यजमान गाडी घेऊन हजर असायचे. बाई शेजारी बसायच्या, चपला काढून पाय वर घ्यायच्या आणि दिवसभराची कागाळी सुरू करायच्या. आणि आठवड्यातून एखाददा तरी यजमान म्हणायचे, “आज तळ्याकडून जाऊ या. आपला रस्ता खोदलाय.”

रस्ता खोदलेला नसायचा. बाईंना ते ठाऊक होतं. घरी सासू होती, मुलं होती, कुकर होता. बोलायला जागा एवढीच, दोन सीटांची. म्हणून तो सरळमार्गी माणूस तोंड वर करून खोटं बोलायचा आणि बाई म्हणायच्या, “हो का? नगरपालिकेला काही कामधंदा नाही.”

तो गेल्याला आता बरीच वर्षं झाली होती. रस्ता कितीदा तरी खरोखरच खोदून झाला होता.

बाईंनी खिडकीच्या काचेला कपाळ टेकवलं. काकांनी आपल्या परवान्यावर कुऱ्हाड घातलीच नव्हती. त्यांनी रस्ता लांबवला होता.

५

सोमवारी खोलीत चौघंच होते. बाई, लिहून घ्यायला कारकून, आणि टेबलापलीकडे काका व लेक, मध्ये एक खुर्ची रिकामी सोडून.

“काका, त्या दुकानदाराशी बोलले मी,” बाई म्हणाल्या. “कोपऱ्यावरच्या.”

“अं? बरं.”

“तुम्हाला ओळखत नाही म्हणाला. तुमचा नंबरही त्याला माहीत नाही.”

“कसला नंबर?”

“चष्म्याचा. चष्म्याचं दुकान आहे ते.”

काकांचं तोंड उघडं राहिलं. “चष्म्याचं? आणि ते... ते कधी उठलं?”

“वर्ष झालं.”

“काय सांगता!” काका इतक्या मनापासून चकित झाले, की कारकुनाला हसू आलं. मग आपण काय बोलून बसलो हे त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी हळूच तोंड मिटलं.

लेक त्यांच्याकडे वळली. “बाबा, तुम्ही आणली कुठून मग?”

“त्यांनी आणलीच नाही,” बाई म्हणाल्या. “तू ज्या सकाळी लहान झालीस ना पोरी, त्या सकाळी बाबांच्या रुमालाला पॉलिशचं स्पिरिट होतं. वर्षभर तो वास तुझ्या नाकाला लागला नव्हता. आदल्या दिवशी त्यांनी भागीदाराकडून कपाटाची किल्ली मागून घेतली होती, नसलेल्या खुर्चीच्या नावाखाली. दुसरी फुंक हिरवी आली असती, म्हणून ती फुंकलीच नाही. आणि मी वर्ष पुन्हा पहिल्यापासून म्हटलं तेव्हा या माणसाच्या जिवात जीव आला. चूक एकच झाली. तू वर्षासकट बापालाही सोडशील, हा हिशेब त्यांनी केला नव्हता.”

“मॅडम, नका,” काका पुटपुटले.

“का नको? ‘प्यायलो’ म्हणायला लाज वाटली नाही, मग हे म्हणायला कसली?”

मग काका बोलले, टेबलाकडे बघत.

“वर्ष संपलं की ती जाणार होती. सही करताना वाचलं होतं मी, मुदत वाढली की सोबतीही वाढतो. म्हटलं, आणखी एक वर्ष. एवढंच. सकाळी अर्धा तास, संध्याकाळी अर्धा तास.”

“आणि मला काय वाटेल?” लेकीचा तो गोड, सराईत आवाज पार फाटला. “मी खोलीवर जाऊन... मला वाटलं, सगळं खोटं होतं. वर्षभर जे बघितलं ते सगळं!”

“मला वाटलं, तुला राग येईल. रागाची तुला सवय आहे.”

“विचारून बघितलं असतंत तर? तोंड नव्हतं? थांब म्हणायचं!”

“तू नाही म्हणाली असतीस तर?”

“म्हणालेच असते नाही! मी जाणारच आहे. पण तुम्ही विचारलं असतंत तर मी...” तिला पुढचं सापडेना. “तर मी नीट गेले असते. असं पळून नाही.”

“तिच्या पायात दोरी बांधायला निघाला होतात तुम्ही, काका,” बाई शांतपणे म्हणाल्या. “माया असली तरी दोरी ती दोरीच.”

काकांनी मान हलवली. मग त्यांनी खुर्ची फिरवली आणि लेकीच्या वाकड्या मनगटाकडे पाहिलं. नजर न चोरता.

“तुझा हात माझ्यामुळे मोडला,” ते म्हणाले. “मी आजवर बोललो नाही. माफ कर असं म्हणायचीही भीती वाटत होती. माफ केलंस तर मग तुला यायचं कारणच उरणार नाही, असं वाटायचं.”

लेक रडली नाही. तिनं नाक ओढलं आणि म्हणाली, “असा कसा हो माणूस तुम्ही!”

कारकून खिडकीबाहेर बघत होता. त्याचं पेन केव्हाच थांबलं होतं.

बाई कारकुनाकडे वळल्या. “निकाल लिहा. फुंकणीची लाल नोंद खोटी, ती रद्द. दारूचा आरोप नाही, अटींचं वर्ष पूर्ण झालं असं समजावं. परंतु फुंकणीला फसवणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. त्यासाठी परवाना सहा महिने जप्त. या सहा महिन्यांत यांनी स्टेअरिंगला हात लावायचा नाही.”

“मॅडम,” कारकून हळूच म्हणाला, “नुसती ताकीदही देता येते.”

“मला माहीत आहे काय देता येतं ते. लिहा.”

काकांनी खिशातून परवाना काढला, शर्टाच्या कोपऱ्यानं पुसला आणि टेबलावर ठेवला. मग गाडीची किल्ली हातात घेऊन त्यांना काय करावं ते सुचेना. कारखान्याला कसं जायचं, सामान कसं न्यायचं, कुणाला सांगायचं, सगळं चेहऱ्यावर दिसत होतं.

लेकीनं हात पुढं केला. डावा.

“आणा इकडे. जाईपर्यंत महिना आहे मला. सोडेन रोज. पण मी चालवताना ‘ब्रेक, ब्रेक’ करायचं नाही.”

“नाही करणार.”

“आणि तिकडे आल्यावर बाकावर बसायचं नाही चोरासारखं. केबिनचं दार वाजवायचं.”

काका काही बोलायला गेले आणि “बरं” म्हणाले. मग स्वतःलाच ते पुरेसं वाटलं नसावं. “कधी येऊ?” त्यांनी विचारलं.

“आधी जाऊ तर द्या मला!”

दोघं जिना उतरली. बाईंनी पुढचं प्रकरण समोर ओढलं, एक पान उलटलं आणि उठून खिडकीशी गेल्या. खाली गाडीपाशी काका सवयीनं चालकाच्या दाराशी गेले, लेकीनं तिथून हुसकावलं तसे वळसा घालून पलीकडे बसले. पट्टा काही त्यांना सापडेना. साऱ्या जन्मात त्या बाजूला बसले नव्हते. हात पुन्हा पुन्हा भलत्याच खांद्याकडे जात होता. लेक वाकली, त्यांच्या अंगावरून पट्टा ओढून घेतला आणि खटकन अडकवला.

बाईंना त्या दोघांचा हेवा वाटला. चांगला, दुखेल इतका वाटला आणि त्यांनी तो वाटू दिला.

गाडी काही हलेना. काका समोरच्या रस्त्याकडे बोट दाखवून काहीतरी सांगत होते, लेक दुसऱ्याच रस्त्याकडे. दोघंही एकदम बोलत होती, कुणीच कुणाचं ऐकत नव्हतं, घरात चालतं तसं.